गाडी चोरीला गेल्यावर आपलंच काय काय चुकतं: खान्देशातल्या गाडीमालकांनो, या चुका टाळा

पहाटे साडेचारला फोन वाजला. चोपडा तालुक्यातले एक केळी उत्पादक, माझे जुने पक्षकार. "वकीलसाहेब, मन्ही गाडी गई." रात्री अंगणात उभी केलेली पिकअप जागेवर नव्हती. मी पहिला प्रश्न केला, "112 लावला का?" पलीकडून उत्तर आलं, "नाही अजून. आधी पोरं चारी रस्त्यांना धाडली. दोन तास शोधलं. मग म्हटलं तुम्हाला विचारावं."

ते दोन तास माझ्या मनातून अजून जात नाहीत. ती गाडी पुढे सापडली, एक चोरही हाती लागला, पण मधल्या काळात त्या घरानं जे सोसलं त्यातलं निम्मं टळण्यासारखं होतं. धुळे-जळगावच्या कोर्टांत मी गाडीचोरीची प्रकरणं चालवतो. कधी मालकाच्या बाजूनं, कधी नकळत चोरीची गाडी घेतलेल्याच्या बाजूनं, कधी पकडलेल्या पोराच्या बापाच्या बाजूनं. तिन्ही बाजूंनी पाहून एक गोष्ट मला पक्की पटली आहे. पोलिसांची गाडी किती जोरात पळते याला फारसं महत्त्व नाही. त्यांना कोणत्या दिशेनं आणि कशाच्या मागे पळायचं हे आपण किती लवकर, किती नेमकं सांगतो, यावर सगळं ठरतं.

"आधी आपण शोधू, मग पोलिसांत जाऊ"

ही सगळ्यात मोठी चूक आहे, आणि खान्देशात ती इतर भागांपेक्षा महाग पडते. आपला नकाशा डोळ्यांसमोर आणा. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, म्हणजे चोराला चार दिशा मोकळ्या. शिरपूर सोडलं की पळासनेर, बिजासन घाट आणि सेंधवा. शहाद्याहून खेतिया, रावेरहून बऱ्हाणपूर. नवापूरला तर रेल्वे स्टेशनचाच एक भाग महाराष्ट्रात आणि एक भाग गुजरातेत आहे. आपण गल्लीतल्या पोरांना उठवून, शेतातल्या रखवालदाराला विचारून, मेहुण्याला फोन करून होईपर्यंत गाडी दुसऱ्या राज्यात पोचलेली असते.

म्हणून गाडी जागेवर नाही हे कळताच पहिला फोन 112 ला. घरातल्या कुणी नेली का, एवढं दोन मिनिटांत विचारून घ्या, बस्स. चोवीस तास थांबावं लागतं हा समज चुकीचा आहे. गाडीचोरी हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास करू शकतात, नोंद लगेच होते.

112 ला बोलताना एक गोष्ट हमखास राहून जाते. हा फोन आपल्या गावच्या ठाण्यात वाजत नाही. तो राज्याच्या केंद्रात, नवी मुंबई किंवा नागपूरला घेतला जातो आणि तिथून आपल्या जिल्ह्याच्या गाडीला संदेश जातो. पलीकडच्या माणसाला "पिंप्रीहून बोलतोय" म्हटलं तर त्यानं कोणती पिंप्री समजायची? आपल्याकडे पिंप्री, वडगाव, वाघोदे नावाची गावं तालुक्यातालुक्यांत आहेत. जिल्हा, तालुका, गाव, जवळचं ओळखीचं ठिकाण, या क्रमानं सांगा. नंबर एकेक आकडा तोडून सांगा. रंग, कंपनी, मॉडेल सांगा. गाडी शेवटची किती वाजता पाहिली आणि नाही असं किती वाजता कळलं, या दोन वेळा सांगा. त्यावरून ती किती लांब गेली असेल याचा अंदाज बांधून कुठल्या चौफुलीवर नाकाबंदी लावायची ते ठरतं.

आणि सगळ्यात उपयोगी पडते ती खूण. नंबर प्लेट चोर पहिल्या थांब्यावरच बदलतो. जळगावची 19 नंबरची गाडी तासाभरानं बडवाणीच्या 46 नंबरवर धावत असते. नाकाबंदीवरच्या हवालदारानं तुमची गाडी ओळखायची कशी? माझ्या पक्षकाराला मी फोनवर तेच विचारत राहिलो. पांढरी पिकअप आहे हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. पांढऱ्या पिकअप तर हजारो आहेत. शेवटी त्याची बायको मागून बोलली, "मागच्या फाळक्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग आहेत, आणि डावीकडे निळ्या पत्र्याची पट्टी ठोकली आहे, तीन खिळ्यांची." केळीचा चीक एकदा बसला की धुऊन जात नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. हे वाक्य पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेवर गेलं. शिरपूर तालुक्यात नाकाबंदीवरच्या अंमलदारानं ती निळी पट्टी पाहून बॅटरी मारली आणि गाडी थांबवायचा इशारा केला.

आज घरी गेल्यावर आपल्या गाडीभोवती एक चक्कर मारा आणि अशा चार खुणा कुठेतरी लिहून ठेवा. फुटलेला इंडिकेटर, सीटवरचं ठिगळ, टाकीवरचा पोचा, काचेवरचं नाव. सगळ्या बाजूंचे फोटो काढा. बहुतेकांकडे गाडीचा एकच फोटो असतो, दसऱ्याच्या पूजेचा. त्यात झेंडूच्या माळेनं नेमका नंबर झाकलेला असतो.

कागदपत्रं गाडीतच

ठाण्यात गेल्यावर ठाणे अंमलदार विचारतात, "चेसिस नंबर?" आणि माणूस गप्प होतो. आरसी डिकीत, विमा डिकीत, पीयूसी डिकीत. गाडीबरोबर सगळं गेलं. उलट मूळ आरसी हाती आल्यानं चोराला ती गाडी खपवणं सोपं झालं.

मूळ कागद घरात ठेवा. रस्त्यावर दाखवायला डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत चालते. चेसिस आणि इंजिन नंबर वहीत उतरवून ठेवा. चेसिस नंबर 17 अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, म्हणजे गोल दिसलं तर ते शून्यच. ही चूक क्षुल्लक वाटते, पण फिर्यादीत शून्याच्या जागी ओ पडला म्हणून गाडीची ओळख पटवताना आठवडे गेलेले मी पाहिले आहेत.

अर्ज दिला म्हणजे गुन्हा दाखल झाला असं समजणं

ठाण्यात एक अर्ज लिहून द्यायचा, त्यावर शिक्का मारून पोच घ्यायची आणि घरी यायचं. पुष्कळ लोक इथेच थांबतात. अर्ज वेगळा, एफआयआर वेगळा. तपास एफआयआरवर चालतो, विमा कंपनी एफआयआर मागते, आणि दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात गाडी सापडली तर ती गुन्हा रजिस्टर नंबरवरूनच तुमच्यापर्यंत येते.

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा, लागू आहे. तिच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती दिली की ठाण्यानं ती नोंदवून घ्यायची असते, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. अमळनेरचा माणूस धुळ्याच्या दवाखान्यात आला आणि दारातून मोटरसायकल गेली, तर "अमळनेरला जा" किंवा "दुसऱ्या ठाण्यात जा" हे उत्तर मान्य करू नका. ऑनलाइन माहिती दिली असेल तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते, ते विसरू नका. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंदच करत नसतील तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना टपालानं लेखी पाठवा, तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. भांडण करून काही हाती लागत नाही. शांतपणे "साहेब, 173 खाली घ्या" म्हटलेलं जास्त चालतं.

कलमाकडेही नजर टाका. साधी चोरी भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम 303 मध्ये येते, तिला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. मालाची किंवा प्रवाशांची ने-आण करणारं वाहन चोरलं तर कलम 305 लागतं आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. पिकअप, छोटा हत्ती, काळीपिवळी, रिक्षा गेली असेल तर हा फरक महत्त्वाचा आहे.

फिर्यादीत खोटं लिहू नका. किल्ली गाडीलाच राहिली होती, तर राहिली होती. लोक घाबरून "किल्ली घरी होती" असं सांगतात, मग विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते आणि एकच निघते. तिथून सगळी फिर्यादच संशयात येते.

टोलचा मेसेज, गाडीतला मोबाइल आणि व्हॉट्सअॅपचा ग्रुप

चारचाकी गेली की लोक घाईघाईनं फास्टॅग बंद करतात. थोडं थांबा. आधी मोबाइलवरचे मेसेज पाहा. लळिंग, सोनगीर, शिरपूर, नशिराबाद, कुठल्या टोलवर किती वाजता पैसे कापले गेले, हे तिथे लिहिलेलं असतं. चोर कुठल्या दिशेनं गेला याचा यापेक्षा ताजा पुरावा नाही. तो मेसेज लगेच तपासी अंमलदारांना दाखवा आणि टॅग कधी बंद करायचा हे त्यांना विचारूनच ठरवा.

मोबाइल गाडीत राहिला असेल तर त्यावर फोन करत सुटू नका. दहा जणांनी आलटून पालटून रिंग दिली की चोर तो बंद करून नाल्यात फेकतो. चालू मोबाइलचं ठिकाण पोलिसांना काढता येतं, बंद झाला की तो धागा तुटला. गाडीला जीपीएस लावलेलं असेल तर त्याचं लॉगिन पोलिसांच्या हाती द्या.

मग ग्रुपची गोष्ट. "आमच्या गाडीला जीपीएस आहे, आता साक्रीजवळ दाखवतंय, सर्वांनी लक्ष ठेवा." मदत मिळावी म्हणून टाकलेला हा मेसेज तासाभरात कुणाच्या हाती पडेल याचा नेम नाही. गाडीचा फोटो, नंबर, खूण आणि ठाण्याचा फोन टाका, तेवढं पुरे. ठिकाण टाकू नका. संशयिताचा सीसीटीव्ही फोटो तर मुळीच फिरवू नका. पुढे ओळख परेड होते, आणि ज्या साक्षीदारानं आधीच तो चेहरा मोबाइलवर वीस वेळा पाहिलेला असतो त्याची ओळख आरोपीचा वकील उलटतपासात खोडून काढतो. मीही काढली आहे. शिवाय फोटोतला माणूस निर्दोष निघाला तर त्याचं झालेलं नुकसान कोण भरणार?

सीसीटीव्हीबद्दल एवढंच: दुकानांच्या डीव्हीआरमध्ये चित्रण थोडे दिवसच राहतं, नंतर त्यावर नवं चढतं. रस्त्यावर कुठे कुठे कॅमेरे आहेत त्याची यादी करून त्याच दिवशी पोलिसांना द्या. स्क्रीनवरून मोबाइलनं काढलेला व्हिडिओ शोधाला उपयोगी आहे, कोर्टात मात्र मूळ चित्रण आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं.

पाठलाग आपण करणं, आणि हाती लागलेल्याला मारणं

इथे मला सविस्तर बोलायचं आहे.

त्या रात्री शिरपूर तालुक्यात नाकाबंदीवर पिकअप थांबली नाही. लोखंडी अडथळा उडवून ती आडरस्त्याला लागली. पोलिसांची गाडी मागे, सायरन चालू. पुढच्या गावात कुणीतरी मोबाइलवर ओरडून सांगितलं, "चोर येऊन राहिले." दोन पोरांनी ट्रॅक्टर रस्त्यात आडवा लावला. रात्रीची वेळ, ट्रॅक्टरला मागे लाल दिवाही नाही. पिकअप वळून कपाशीत घुसली. मागून येणारी पोलिसांची गाडी त्या ट्रॅक्टरवर आदळता आदळता राहिली. चालवणाऱ्या शिपायानं नंतर मला सांगितलं, हाताच्या अंतरावर ब्रेक लागला. त्याच्या घरी दोन लहान मुली आहेत.

पोलिसांचा पाठलाग चालू असताना आपलं काम सोपं आहे. गाडी डावीकडे घेऊन थांबा, रस्ता मोकळा करा, पोरांना आत बोलवा. मागे मोटरसायकली घालू नका, शूटिंगसाठी तर नाहीच. चोर कुठल्या बाजूला वळला हे दिसलं तर 112 ला सांगा. ते एक वाक्य ट्रॅक्टरपेक्षा जास्त कामाचं आहे. आपली हद्द संपली म्हणून पोलीस मागे फिरतात असंही समजू नका. बिनवॉरंट अटक करता येईल अशा माणसाचा पाठलाग पोलीस भारतात कुठेही करू शकतात, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 45 तेच सांगतं. सीमेपलीकडच्या ठाण्याशी बोलून पुढची नाकाबंदीही लावली जाते.

कपाशीतून तिघे पळाले, त्यातला एक गावकऱ्यांच्या हाती सापडला. त्याला निंबाला बांधून मारलं. पोलीस पोचले तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. त्याला ठाण्याआधी दवाखान्यात न्यावं लागलं, आणि ज्याच्याकडून उरलेल्यांची नावं त्याच रात्री कळली असती तो चार दिवस बोलू शकला नाही. तेवढ्यात बाकीचे दोघे कायमचे निसटले. गावातल्या तीन पोरांवर गुन्हा दाखल झाला. त्यातला एक पोलीस भरतीची तयारी करत होता.

आपल्या डोळ्यांसमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला साधा नागरिकही धरू शकतो, त्याच संहितेच्या कलम 40 मध्ये तशी तरतूद आहे. पण विनाकारण उशीर न लावता, जास्तीत जास्त सहा तासांत, त्याला पोलिसांच्या हवाली करायचं. धरा, बसवा, पाणी द्या, फोन करा. कायद्यानं एवढीच मुभा दिली आहे.

1 जुलै 2018 ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे आल्याची अफवा उठली आणि भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठार मारलं. ते कुणाचंही मूल पळवायला आलेले नव्हते. हे आपल्या धुळे जिल्ह्यात घडलं आहे. गाडीचोर म्हणून कुणाची कॉलर धरताना राईनपाडा आठवावा अशी माझी हात जोडून विनंती आहे.

याचीच दुसरी बाजू नाकाबंदीवर दिसते. लायसन नाही, हेल्मेट नाही, गाडी मित्राची आहे, म्हणून पोरं पोलीस दिसताच मोटरसायकल वळवून पळतात. रात्री दोन वाजता नाकाबंदी पाहून पळणारा माणूस पोलिसांना चोरच वाटणार. थांबलात तर फार तर दंड होईल. पळालात तर मागे पाठलाग लागेल, आणि घाटात किंवा पुलावर काय होईल ते सांगता येत नाही. घरातल्या पोरांना हे एकदा बसवून सांगा.

चोर पकडले गेले म्हणजे आपलं काम संपलं?

पेपरात बातमी येते, स्थानिक गुन्हे शाखेनं टोळी जेरबंद केली, इतक्या मोटरसायकली हस्तगत. मालक खूश होतो आणि फोनची वाट पाहत बसतो. तिकडे त्याची गाडी ठाण्याच्या आवारात उभी राहते.

त्या आवारात एकदा जाऊन पाहा. भिंतीला लावून उभ्या केलेल्या मोटरसायकली, त्यांच्या हँडलवर चढलेली गारवेल, उंदरांनी कुरतडलेल्या सीटा, एका पावसाळ्यात गंजून लाल झालेल्या साखळ्या. प्रत्येकीला सुतळीनं बांधलेली एक चिठ्ठी असते, तिच्यावरचा गुन्हा नंबर उन्हानं उडालेला. त्यातल्या कितीतरी गाड्यांचे मालक आहेत, कागद आहेत, फक्त कुणी अर्ज केलेला नाही.

जप्त गाडी खटला संपेपर्यंत ठाण्यातच ठेवावी लागते, हा समज खोटा आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये गुजरातेतल्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं की वाहनं ठाण्यात सडत ठेवू नयेत, योग्य बंधपत्र घेऊन, फोटो काढून परत द्यावीत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 नं तर मुदतीच घातल्या: मुद्देमाल कोर्टापुढे आल्यापासून 14 दिवसांत त्याचं वर्णन तयार करायचं, फोटो किंवा व्हिडिओ काढायचा, आणि त्यानंतर 30 दिवसांत त्याचं काय करायचं याचा हुकूम द्यायचा. पण मालकाचा अर्ज समोर असला की काम हलतं. म्हणून गाडी सापडल्याचं कळताच तपासी अंमलदारांना भेटा, गाडी ओळखल्याचा पुरवणी जबाब द्या, आणि सुपूर्तनाम्यासाठी, म्हणजे बंधपत्रावर गाडी ताब्यात मिळण्यासाठी, 497 किंवा 503 खाली अर्ज करा. सोबत आरसी, विमा, ओळखपत्र, एफआयआरची प्रत. कर्जाची गाडी असेल तर बँकेचं पत्र आधीच काढून ठेवा.

माझ्या पक्षकाराचं इथेच अडलं. आरसी डॅशबोर्डात होती, चोरांनी ती कुठेतरी फेकली. दुय्यम प्रत काढायला आरटीओ, तिथे बँकेचं ना हरकत, बँक म्हणते आधी थकलेला हप्ता भरा. हप्ता थकला कारण गाडी नाही, गाडी नाही म्हणून केळी दुसऱ्याच्या भाड्याच्या गाडीनं जाते. चार महिने गेले. गाडी हाती आली तेव्हा बॅटरी मेली होती आणि दोन टायर बसले होते.

सुपूर्तनाम्यावर मिळालेली गाडी कोर्टाच्या परवानगीशिवाय विकू नका, रंग बदलू नका, इंजिन बदलू नका. तसं बंधपत्र तुम्ही स्वतः दिलेलं असतं. आणि विम्याचे पैसे आधीच घेतले असतील तर सापडलेल्या गाडीवर हक्क विमा कंपनीचा, हेही लक्षात घ्या.

मध्येच एखादा फोन येतो, "गाडी कुठे आहे ते माहीत आहे, दहा हजार टाका, उद्या दारात उभी करतो." पैसे टाकू नका. तो भामटा असतो, नाहीतर टोळीतलाच. नंबर पोलिसांना द्या, त्यावरून धागा मिळू शकतो.

विम्याचं थोडक्यात. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचे पैसे मिळत नाहीत, हे पुष्कळांना गाडी गेल्यावर कळतं. पूर्ण विमा असेल तर एफआयआरबरोबर त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा आणि आरटीओला कळवा. एफआयआर लगेच केलेला असताना केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2020 मध्ये म्हटलं आहे, तरी ती लढाई ओढवून घेऊ नका. गाडी सापडलीच नाही तर पोलिसांचा अ समरी अहवाल, म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही असा अहवाल, कोर्टानं मंजूर केल्याचा कागद लागतो, तो पाठपुरावा करून मिळवा. तपास कुठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांत फिर्यादीला कळवायचं असतं, हे विचारताना संकोच बाळगू नका.

"कागद नंतर देतो"

सत्तर हजारांची मोटरसायकल अठरा हजारांत. विकणारा ओळखीच्याच्या ओळखीचा, बऱ्हाणपूरकडचा. "कागद पुढच्या बाजारी देतो." शेतमजुरी करून पैसे साठवलेला पोरगा ती घेतो, दोन महिने चालवतो, आणि एक दिवस गुन्हे शाखेची गाडी दारात उभी राहते. मोटरसायकल जाते, पैसे जातात आणि तो न्याय संहितेच्या कलम 317 खाली, चोरीचा माल घेतल्याच्या गुन्ह्यात, आरोपी होतो. या पोरांच्या आया माझ्याकडे येतात तेव्हा पदरात मोटरसायकलच्या पूजेचा नारळ फोडतानाचा फोटो असतो. "चोरीची असती तर पूजा केली असती का साहेब?" हा त्यांचा प्रश्न खरा असतो, पण कोर्टाला फक्त भाव आणि कागद दिसतात.

पैसे देण्याआधी नंबर परिवहनच्या पोर्टलवर टाका. गाडीवर ठोकलेला चेसिस नंबर स्वतः वाकून पाहा. तिथे कानस फिरल्यासारखं वाटलं, आजूबाजूला ताजा रंग दिसला, की उठा. आरसीवरच्या मालकाला समोर बसवा, फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घ्या, पैसे खात्यावर द्या. विकणाऱ्यानंही निष्काळजी राहू नये. राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्यानं 14 दिवसांत आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नाव बदललेलं नसेल तर अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावरच येते, 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे सांगितलं आहे.

आपलाच पोरगा धरला गेला तर

हेही घडतं, म्हणून लिहितो. पहिली चूक म्हणजे मध्यस्थाला पैसे देणं. दुसरी, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 ची, पोलिसांपुढे हजर राहण्याची, नोटीस आलेली असताना हजर न राहणं. नोटीस म्हणजे अटक नव्हे. हजर राहून सहकार्य केलं तर अटक टळू शकते, दांडी मारली तर पोलीस येतात. अटक झालीच तर कारण सांगणं, घरच्यांना कळवणं, वकिलाला भेटू देणं, वैद्यकीय तपासणी आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करणं, हे सगळं कायद्यानं बांधलेलं आहे. पोरगा अठरा वर्षांच्या आतला असेल तर शाळेचा दाखला घेऊन आधी धावत जा. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा नसतो, पण त्यानं दाखवून दिलेल्या जागेवरून गाडी निघाली तर तेवढा भाग पुरावा ठरतो. वकिलापासून काही लपवू नका.

सापडलेली गाडी स्वतःच घरी आणणं

ही चूक साध्या, सरळ माणसांकडून होते. पेट्रोल संपलं की चोर मोटरसायकल रस्त्यात टाकून जातो. कुणीतरी पाहतं, फोन करतं, "आबा, तुमची गाडी फागण्याच्या पुलाखाली पडली आहे." आबा दुसरी किल्ली आणि बाटलीत पेट्रोल घेऊन जातात, गाडी घरी आणतात, धुऊन पुसून ओट्यावर लावतात. ठाण्यात सांगायचं राहून जातं. गाडीवरचे ठसे गेले, चोरानं लावलेली खोटी प्लेट भंगारात गेली, आणि पोलिसांच्या संगणकात गाडी अजून चोरीचीच.

असंच एक गृहस्थ, निवृत्त शिक्षक, सारंगखेड्याच्या यात्रेला निघाले होते. मागे सीटवर नातू. दोंडाईच्याजवळ नाकाबंदीवर अंमलदारानं नंबर टाकला आणि पडद्यावर गुन्हा नंबर उमटला. मास्तर सांगत राहिले की गाडी माझीच आहे, फिर्यादही मीच दिली होती. खात्री होईपर्यंत साडेतीन तास त्यांना ठाण्याच्या बाकावर बसावं लागलं, आणि यात्रेतला घोडा पाहायला निघालेला तो सात वर्षांचा पोरगा त्यांचा हात घट्ट धरून विचारत होता, "आप्पा, तुम्ही काय केलं?"